घोड्यांच्या शर्यतीचा खेळ कसा घडला: तबेल्यातून दिलेलं उत्तर

तुमचे प्रश्न तीन आहेत. घोड्यांच्या शर्यती इंग्रजांनी सुरू केल्या हे खरं का? आजचे शर्यतीचे सगळे घोडे तीनच घोड्यांचे वंशज आहेत असं म्हणतात, ते कितपत खरं? आणि इतक्या पिढ्या निवडून पैदास केल्यावर घोडे आता पूर्वीपेक्षा जास्त पळतात का? मी तीस वर्षं शर्यतीचे घोडे तयार करतोय. इतिहास मी नंतर, सवडीने वाचला. आधी घोडा हाताखाली आला. त्यामुळे उत्तर लांबेल, आणि माझा जीव जिथे अडकलाय तिथे जास्तच लांबेल.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो: नाही. शर्यत इंग्रजांच्या दोन-तीन हजार वर्षं आधीची आहे. इंग्रजांनी तिला नियमांची चौकट दिली, आणि ती चौकटच आज जगभर वापरात आहे. दोन माणसं दोन घोडे पळवतात तेव्हा कुणाचा घोडा पुढे आला एवढंच कळतं. हरलेला लगेच म्हणतो, तू आधी सुटलास. माझा घोडा लहान होता, तुझा थोराड. माझ्याकडे वजन जास्त होतं. आणि शेवटची, सगळ्यात कडवट तक्रार: तू म्हणतोस तो हा घोडाच नाही. सुटणं, वय, वजन आणि ओळख. या खेळाचा सगळा इतिहास मला या चार तक्रारींचा इतिहास वाटतो. एकेक तक्रार मिटवायला एकेक नियम आला, आणि त्या नियमांनी पुढे घोड्याचं शरीरच बदलून टाकलं.

सुरुवात घोड्यापासून करू. आजचे पाळीव घोडे ज्या वंशातून आले तो व्होल्गा आणि डॉन नद्यांच्या खालच्या अंगाच्या गवताळ मैदानांतला आहे, हे जुन्या हाडांमधल्या डीएनएवरून २०२१ मध्ये दाखवलं गेलं. इ.स.पू. २२००च्या सुमारास हा घोडा तिथून बाहेर पडला आणि काही शतकांत युरोप-आशियाभर पसरला. आरे असलेल्या हलक्या चाकांचा रथही साधारण त्याच काळातला. लगाम हाती असलेली दोन माणसं एकमेकांशेजारी आली की चढाओढ लागतेच, पण त्या चढाओढी कुणी लिहून ठेवल्या नाहीत.

लिहून ठेवला गेला तो सराव. आजच्या तुर्कस्तानात हत्तुशा ही हित्ती लोकांची राजधानी होती. तिथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवर मितान्नी देशाच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाचा १८४ दिवसांचा कार्यक्रम आहे, इ.स.पू. १४व्या शतकातला. घोडे युद्धाच्या रथांचे, पण पद्धत कुठल्याही शर्यतीच्या तबेल्याला शोभेल अशी. आधी चाचणी घेऊन कच्चे घोडे बाजूला काढायचे. मग कित्येक दिवस नुसती संथ, लांब चाल. घोंगड्या घालून घाम काढायचा, पाणी मोजून द्यायचं, नदीवर नेऊन धुवायचं, मध्येच काही न देता उभं ठेवायचं, आणि वेगाचं काम टप्प्याटप्प्याने चढवत न्यायचं. मराठी माणसाला त्यातले शब्द वाचताना तर अंगावर काटा येतो. फेऱ्यांसाठी तो लिहितो ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंझवर्तन्न, सत्तवर्तन्न, नवर्तन्न. म्हणजे एक, तीन, पाच, सात आणि नऊ वर्तनं, अर्थात फेरे. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी पहाटेचं काम उरकून आलो होतो आणि माझ्या वहीत त्याच धाटणीची नोंद होती: अमुक घोडी, दोन फेरे संथ, एक मोकळा. साडेतीन हजार वर्षांत घोड्याची छाती आणि पाय तयार करण्याची मूळ रीत बदललेली नाही. घाई केली की पाय जातो, हे किक्कुलीलाही ठाऊक होतं.

वैदिक वाङ्मयात रथांची शर्यत वारंवार येते. शर्यतीला तिथे ‘आजि’ म्हणतात, ती जिथे पोचायची त्या खुणेला ‘काष्ठा’. वाजपेय यज्ञात तर सतरा रथांची शर्यत हा विधीचाच भाग आहे. तिथे यजमानच जिंकायचा असतो, तेव्हा तिला खेळ म्हणणं अवघड. पण खेळ आधी होता म्हणूनच तो विधीत आला असावा असं मला वाटतं.

ग्रीकांकडे आलो की पहिल्यांदा तक्रारीसकट शर्यत दिसते. इलियडच्या २३व्या सर्गात पॅट्रोक्लसच्या अंत्यविधीनिमित्त रथांची शर्यत लागते. अकिलीस वळणाच्या खांबापाशी फिनिक्सला पंच म्हणून बसवतो. नेस्टॉर आपल्या मुलाला, अँटिलोकसला, सांगतो की तुझे घोडे मंद आहेत, तेव्हा डोकं चालव. वळताना डावा घोडा खांबाला अगदी लगटून ने. पुढे वाट अरुंद होते तिथे अँटिलोकस मुद्दाम मेनेलाउसच्या अंगावर रथ घालतो, मेनेलाउस अपघात टाळायला लगाम खेचतो आणि मागे पडतो. शर्यत संपल्यावर मेनेलाउस सगळ्यांसमोर उभा राहतो: घोड्यांना हात लाव आणि शपथ घे की तू हे कपटाने केलं नाहीस. अँटिलोकस शपथ घेत नाही, बक्षिसाची घोडी देऊ करतो. आज स्टुअर्ड्सच्या, म्हणजे शर्यतीच्या पंचांच्या, खोलीत जॉकींची हरकत ऐकली जाते तेव्हा हेच चालतं, फक्त समोर पडद्यावर चित्रफीत असते.

ऑलिंपियात चार घोड्यांच्या रथाची शर्यत इ.स.पू. ६८० मध्ये आली आणि स्वाराची शर्यत इ.स.पू. ६४८ मध्ये. आधी रथ, मग स्वार, हा क्रम आजच्या माणसाला उलटा वाटतो. पण तेव्हाचे घोडे लहान चणीचे होते आणि रिकिबी नव्हत्या. स्वार उघड्या पाठीवर, नुसत्या मांड्यांच्या पकडीवर बसून भरधाव जायचे. ज्याने एकदा खोगिराशिवाय चौखूर घोड्यावर बसून पाहिलंय त्याला त्या पोरांचं मोल कळेल. मुकुट मात्र त्यांना मिळत नसे, तो मालकाला मिळे. त्यामुळेच स्पार्टाची राजकन्या किनिस्का इ.स.पू. ३९६ आणि ३९२ मध्ये रथशर्यतीची विजेती ठरली. स्पर्धकांत बायकांना जागा नव्हती, पण घोडे तिचे होते. कोरिंथच्या ऑरा नावाच्या घोडीची गोष्ट पॉसेनियस या प्राचीन ग्रीक प्रवासी लेखकाने नोंदवली आहे. सुटतानाच तिचा स्वार पडला, तरी ती रांगेत धावली, खांबाला वळली, तुतारी वाजल्यावर वेग वाढवला, पहिली आली आणि पंचांसमोर थांबली. तिला विजयी ठरवलं. आज स्वार पडला की घोडा बाद, कारण आता वजनही मोजायचं असतं.

सुटण्याची तक्रारही तिथेच सोडवायला घेतली होती. क्लेओइतास नावाच्या कारागिराने ऑलिंपियाच्या मैदानावर जहाजाच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या निमुळत्या भागाच्या, आकाराची सुटण्याची जागा बांधली. दोन्ही बाजूंना घोडे उभे करायच्या कोठड्या, समोर दोऱ्या. टोकाकडच्या, म्हणजे सगळ्यात मागच्या, घोड्यांची दोरी आधी सुटायची. ते पुढच्यांच्या रेषेत आले की त्या पुढच्यांची दोरी सुटायची. रोमच्या सर्कस मॅक्सिमसमध्ये बारा कोठड्या होत्या. तिथे सात फेरे असत आणि लाल, पांढरा, निळा, हिरवा असे चार संघ. रोमचा तपशील तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, म्हणून एकच आकडा देतो: गायस अप्युलियस डायोक्लीस हा सारथी ४,२५७ शर्यती धावला आणि १,४६२ जिंकला, असा शिलालेख आहे. संघांचं वेड पुढे कॉन्स्टँटिनोपलमध्ये इतकं वाढलं की ५३२ सालच्या निका दंगलीत सुमारे ३०,००० माणसं मारली गेली. त्यानंतरही रथ धावत राहिले, पण हळूहळू तो खेळ विझला.

स्वाराची शर्यत जिवंत ठेवली ती मैदानी आणि वाळवंटी लोकांनी. मंगोलियातल्या नादामच्या शर्यती मला फार जवळच्या वाटतात. तिथे घोड्यांचे गट वयाप्रमाणे पडतात, दोन वर्षांच्या शिंगरांपासून पुरत्या वाढलेल्या घोड्यांपर्यंत, आणि मोठ्यांचं अंतर वीस किलोमीटरच्याही पुढे जातं. स्वार लहान मुलं असतात. त्या मुलांच्या जिवाची काळजी आता तिथलेही लोक करू लागले आहेत, आणि करायलाच हवी. पहिल्या पाच घोड्यांवर घोडीचं आंबवलेलं दूध शिंपडतात. आणि दोन वर्षांच्या शिंगरांच्या शर्यतीत जो सगळ्यात शेवटी येतो त्यालाही पुढे आणून त्याच्यासाठी गाणं म्हणतात. त्याला ‘भरल्या पोटाचा’ म्हणतात, चूक तयार करणाऱ्याची धरतात आणि पुढच्या वर्षी तू पहिला येशील अशी इच्छा करतात. शेवटून पहिला आलेला घोडा हरलेला नसतो, बहुतेक वेळा त्याला आपण चुकीच्या दिवशी उतरवलेलं असतं. हे शिकायला मला दहा वर्षं लागली.

अरबांकडे इस्लामच्या आधीपासून शर्यती होत्या. इस्लामने जुगार निषिद्ध ठरवला, तरी घोडे, उंट आणि तिरंदाजी यांच्या स्पर्धांना बक्षीस ठेवायची मुभा राहिली, कारण ती लढाईची तयारी होती. घोडीची वंशावळ तोंडपाठ ठेवण्याची त्यांची शिस्त आणि त्यांच्या घोड्यांचा दम, या दोन्ही गोष्टी पुढे इंग्लंडला उपयोगी पडल्या.

आता इंग्लंड. बाराव्या शतकात विल्यम फिट्झस्टीफनने लंडनचं वर्णन लिहिलं, त्यात स्मिथफील्डचा शुक्रवारचा घोडेबाजार आहे, आणि गिऱ्हाइकाला घोडा दाखवायला त्याची दौड लावत असं तो सांगतो. म्हणजे शर्यत ही विक्रीची खूण होती. चेस्टरच्या रूडी मैदानावर सोळाव्या शतकापासून शर्यती होत आल्या आहेत. पण खेळाला राजाश्रय मिळाला तो न्यूमार्केटला. राजा दुसरा चार्ल्स स्वतः तिथे शर्यतीत उतरायचा आणि जिंकायचाही. आजही तिथल्या सरळ धावपट्टीला रौली माइल म्हणतात. ‘ओल्ड रौली’ हे त्याच्या घोड्याचं नाव, आणि पुढे लोकांनी राजालाच ते चिकटवलं.

त्या काळची शर्यत कशी होती ते जरा नीट पाहा. राजाच्या बक्षिसाच्या शर्यतीत घोडा सहा वर्षांचा, वजन १२ स्टोन म्हणजे सुमारे ७६ किलो, अंतर ४ मैल म्हणजे जवळपास साडेसहा किलोमीटर. आणि हे एकदा नाही. एकाच दिवशी दोन-तीन डाव धावायचे, मध्ये अर्धा तास अंग पुसायला. विजयरेषेच्या २४० यार्ड आधी एक खांब असे. पहिला घोडा रेषा ओलांडताना जो त्या खांबापर्यंतही पोचला नसेल तो स्पर्धेतून बाद. एक्लिप्स या घोड्याबद्दल ‘एक्लिप्स पहिला, बाकी कुणी कुठेच नाही’ अशी पैज लावल्याची जी प्रसिद्ध कथा आहे, तिच्यातलं ‘कुठेच नाही’ म्हणजे हेच: बाकी सगळे त्या खांबाच्या मागे राहतील.

इथे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन ही ती तीन नावं. पहिला १६८०च्या दशकातला लढाईतला घोडा, दुसरा १७०४ मध्ये अलेप्पोहून इंग्लंडला आणलेला, तिसरा १७२४च्या सुमारास जन्मलेला. त्यांच्या वंशात हेरॉड, एक्लिप्स आणि मॅचेम जन्मले आणि आज जगातल्या प्रत्येक थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या खास जातीच्या, घोड्याची बापाकडून बापाकडे जाणारी ओळ या तिघांपैकी एकापाशी पोचते. त्यातही सुमारे ९५ टक्के घोडे एकट्या डार्ली अरेबियनच्या ओळीतले. पण ‘तिघांपासूनच सगळे निघाले’ हे वाक्य चूक आहे. हा फक्त बापाचा धागा झाला. त्या काळात पूर्वेकडून आणलेले आणखी कितीतरी घोडे पैदाशीत होते, त्यांचं रक्त आईच्या बाजूने खाली आलंच. आणि घोड्या? त्या बऱ्याचशा इंग्लंड-आयर्लंडमधल्या स्थानिक छोट्या पळणाऱ्या जातींच्या होत्या. कमी अंतराच्या वेगाशी जोडलेला मायोस्टॅटिन जनुकाचा जो प्रकार आहे, तो अरबी घोड्यांकडून नव्हे तर तिथल्याच एखाद्या घोडीकडून आला असावा, असं संशोधन २०१२ मध्ये पुढे आलं. मला त्याचं नवल वाटलं नाही. शिंगरू अकरा महिने आईच्या पोटात आणि मग पाच-सहा महिने तिच्या पायाशी असतं. भित्रेपणा, खाण्याची सवय, माणसावरचा विश्वास ते तिथेच उचलतं. जाहिरातीत नाव बापाचं छापतात. मी घोडा बघायला जातो तेव्हा आधी त्याची आई दाखवा म्हणतो.

ही नावं आज सांगता येतात, कारण इंग्रजांनी कागद ठेवला. जॉकी क्लब १७५०च्या सुमारास सुरू झाला. वेदरबी घराण्याने १७७३ पासून शर्यतींचे निकाल छापायला घेतले आणि १७९१ मध्ये जनरल स्टड बुक, म्हणजे वंशावळीची वही, पहिल्यांदा काढली. ओळखीच्या तक्रारीला मिळालेलं हे पहिलं पक्कं उत्तर. आज मानेत मायक्रोचिप आणि डीएनए चाचणी असते, पण कल्पना तीच.

त्याच पंचवीस वर्षांत दुसरा मोठा बदल झाला, आणि त्याबद्दल माझ्या मनात अजून दोन्ही बाजू आहेत. शर्यत आखूड झाली आणि घोडा कोवळा झाला. सेंट लेजर १७७६, ओक्स १७७९, डर्बी १७८०: या तिन्ही शर्यती तीन वर्षांच्या घोड्यांच्या. पहिली डर्बी तर फक्त एका मैलाची होती. १७८४ मध्ये ती दीड मैलाची झाली. सहा वर्षं घोडा पोसून मग पैसे परत मिळण्याची वाट पाहण्यापेक्षा तीन वर्षांत निकाल बरा, हा मालकांचा हिशेब. आणि तीन डाव धावून दमाचा कस लागतो तिथे बहुधा चांगला घोडाच जिंकतो. एकाच छोट्या डावात काहीही होऊ शकतं, म्हणून पैजेला रंग चढतो. यातून खेळ लोकांचा झाला हे खरं. पण घोड्याच्या गुडघ्यावरची वाढीची पट्टी जुळून यायला दोन-अडीच वर्षं लागतात. मालक विचारतो, कधी उतरवायचा? मी म्हणतो, आधी क्ष-किरण चित्र पाहू. या एका वाक्यावरून मी घोडे गमावले आहेत, दुसऱ्याच्या तबेल्यात गेले ते. तरीही मी ते बोलायचं सोडलेलं नाही.

वयाला महत्त्व आलं तसं वयाचं खोटं आलं. १८४४ ची डर्बी रनिंग रेन नावाच्या घोड्याने जिंकली. लॉर्ड जॉर्ज बेंटिंकने पाठपुरावा करून उघड केलं की तो घोडा खरा मॅकाबीयस नावाचा चार वर्षांचा घोडा होता. न्यायालयात न्यायाधीशांनी साधी मागणी केली: घोडा हजर करा. तो गायब होता. डर्बी दुसऱ्या आलेल्या ऑर्लँडोला मिळाली.

न्यायाधीशांना घोडा का हवा होता ते सांगतो. मला दात वाचायला एका म्हाताऱ्या सईसाने शिकवलं. त्यांनी माझा अंगठा घोड्याच्या तोंडात, दात नसलेल्या फटीत घातला, जीभ हळूच बाजूला धरायला लावली आणि म्हणाले, आता ओठ वर कर. पुढचे खालचे सहा दात. दुधाचे दात लहान, पांढरे, हिरडीपाशी मान बारीक झालेले. कायमचे मोठे, पिवळसर, सरळ. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या बाजूची साडेतीनला, कोपऱ्याची साडेचारला. ‘चिठ्ठीवर काहीही लिहितात,’ ते म्हणाले, ‘तोंड खोटं बोलत नाही.’ तीन वर्षांचा म्हणून आणलेल्या घोड्याच्या तोंडात चार कायमचे दात पूर्ण आलेले दिसले की बोलणंच संपलं. वयाचं गणित सोपं व्हावं म्हणून उत्तर गोलार्धात सगळ्या थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस १ जानेवारी धरतात, ऑस्ट्रेलियात १ ऑगस्ट. डिसेंबरच्या शेवटी जन्मलेलं शिंगरू चार दिवसांत कागदावर एक वर्षाचं होतं, त्यामुळे पैदास करणारे तारखांना फार जपतात.

वजनाची तक्रार सोडवली ती अ‍ॅडमिरल हेन्री राऊस यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात त्यांनी वयाप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे कुठल्या घोड्याने किती वजन वाहायचं याचं कोष्टक बसवलं. तीन वर्षांचा घोडा चार वर्षांच्या घोड्याविरुद्ध मे महिन्यात धावला तर त्याला मोठी सूट. ऑक्टोबरमध्ये तो भरलेला असतो, तेव्हा सूट कमी. आजची कोष्टकं त्याचीच सुधारलेली रूपं आहेत. हँडिकॅप शर्यतीत याच्या पुढे जातात: चांगल्या घोड्याला जास्त वजन, दुबळ्याला कमी, म्हणजे कागदावर सगळे एकाच वेळी पोचायला हवेत. जॉकी हलका असेल तर खोगिराखालच्या कापडाच्या कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालतात. हे मेलेलं वजन घोड्याला जास्त बोचतं असं आम्ही मानतो, कारण जॉकीचं वजन घोड्याबरोबर हलतं, शिसं नुसतं पडून असतं.

जॉकी घोड्याबरोबर हलतो हे वाक्य मात्र १९०० च्या आधी खरं नव्हतं. तेव्हा लांब रिकिबी ठेवून ताठ बसायची पद्धत होती. विली सिम्स १८९५ मध्ये आणि टॉड स्लोन १८९७ मध्ये अमेरिकेतून इंग्लंडला आले ते आखूड रिकिबीत पाय घेऊन, पाठ वाकवून, मानेवर ओणवे. लोक आधी हसले. मग हे लोक जिंकू लागले. २००९ मध्ये संशोधकांनी जुन्या वेळा तपासल्या, तेव्हा ही बैठक पसरली त्या १८९० ते १९०० च्या काळात शर्यतीच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्याचं दिसलं. जॉकी गुडघ्यांतून झोके घेतो, घोडा खालून वर-खाली होतो, जॉकीचं शरीर जवळपास सरळ रेषेत जातं. घोड्याला त्याला दर टापेला उचलून ढकलावं लागत नाही. त्याची किंमत जॉकीच्या मांड्या आणि फुप्फुसं भरतात.

विली सिम्स कृष्णवर्णीय होते. १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीत १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते आणि जिंकणारा ऑलिव्हर लुइसही. आयझॅक मर्फीने ती शर्यत तीनदा जिंकली. गुलामगिरीच्या काळापासून तबेले याच लोकांनी सांभाळले होते, घोडा त्यांना कळत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, पैसा वाढला तसं, त्यांना घोडे देणं बंद केलं गेलं, मैदानात अडवून पाडलं गेलं, आणि काही वर्षांत ते जवळपास दिसेनासे झाले. या खेळाने स्वतःचं केलेलं हे मोठं नुकसान आहे. बायकांना तर अमेरिकेत पैजेच्या शर्यतीत घोड्यावर बसायला १९६९ उजाडावं लागलं, डायॅन क्रम्प यांच्यामुळे. मिशेल पेन २०१५ मध्ये मेलबर्न कप जिंकल्या आणि रेचेल ब्लॅकमोर २०२१ मध्ये ग्रँड नॅशनल ही इंग्लंडमधली अडथळ्यांची शर्यत. किनिस्काला घोडे पाठवून घरी बसावं लागलं होतं, तिथून इथवर.

राहिली सुटण्याची तक्रार. ती सगळ्यात उशिरा मिटली. शेकडो वर्षं निशाण पडायचं आणि जो धूर्त तो आधी सुटायचा. मग ताणलेली पट्टी आली. आज सगळीकडे दिसतात त्या कोठड्या, ज्यांची दारं एकाच वेळी उघडतात, अमेरिकेतल्या क्ले प्युएट यांनी १९३९ मध्ये आणल्या. ब्रिटनने त्या १९६५ मध्ये स्वीकारल्या. अडथळ्यांच्या शर्यतीत अजून पट्टीच असते, आणि १९९३ च्या ग्रँड नॅशनलमध्ये ती नीट उठली नाही, परत बोलावल्याचं बहुतेक स्वारांना कळलंच नाही, आणि सगळी शर्यत रद्द करावी लागली. कोठडीत घोडा घालणं हे निराळंच शास्त्र आहे. अरुंद जागा, मागून दार बंद, शेजारी दुसऱ्याच्या टापा वाजताहेत. पळून वाचणाऱ्या प्राण्याला यापेक्षा भयानक काय असेल? आम्ही महिनाभर आधी त्याला दोन्ही दारं उघडी ठेवून नुसतं आरपार चालवतो. मग आत उभं करून मानेवर थोपटतो. मग पुढचं दार लावतो. जो सईस रोज खरारा करतो तोच शेजारी उभा राहिला तर कान मागे पडलेले पुन्हा पुढे येतात.

चाबकाचे नियमही आता कडक झालेत. ब्रिटनमध्ये २०२३ पासून सपाट शर्यतीत सहा आणि अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांच्या वर गेलात तर शिक्षा. मी त्या बाजूचा आहे. थकलेल्या घोड्याला मारून पाय उचलत नाही, त्याची सरळ रेषा तेवढी मोडते. दौडीत घोडा झेपेमागे एक श्वास घेतो, पुढचे पाय ताणताना आत, टेकताना बाहेर. प्लीहेत साठवलेलं लाल रक्त दौड सुरू होताच अंगात उतरतं, नाडी तिसाच्या घरातून दोनशेच्या पुढे जाते. हे सगळं त्याने आधीच तुम्हाला दिलेलं असतं.

शेवटचा प्रश्न, घोडे वेगवान होताहेत का. आखूड अंतरावर, हो. ब्रिटनमधल्या वेळा तपासल्या तर सुधारणा दिसते. लांब अंतरावर चित्र वेगळं आहे. ९ जून १९७३ ला सेक्रेटेरिएट हा अमेरिकन घोडा बेलमाँटची दीड मैलाची शर्यत ३१ घोड्यांच्या लांबीने जिंकला, २ मिनिटं २४ सेकंदांत. केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही ठिकाणचे त्याचे विक्रम अजून कुणी मोडलेले नाहीत. आपण पैदास वेगाची केली, दमाची कमी. बाजार दोन वर्षांच्या घोड्याला मोल देतो, तसे घोडे जन्मतात. अडीचशे वर्षांपूर्वीचा एक्लिप्स १८ शर्यती धावला, त्यातल्या बऱ्याच चार मैलांच्या, आणि एकदाही हरला नाही. १७८९ मध्ये तो मेल्यावर सँबेल नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने त्याचं शरीर उघडून मापं घेतली. हृदय १४ पौंडांचं निघालं. दोन वर्षांनी लंडनला पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडलं, तेव्हा पहिला प्राध्यापक तोच. एक्लिप्सचा सांगाडा आजही त्याच महाविद्यालयात उभा आहे. कधी संधी मिळाली तर त्याच्या पुढच्या पायाची नळी बघा, गुडघ्याच्या खाली, आणि मग कुठल्याही तबेल्यातल्या दोन वर्षांच्या शिंगराची बघा.